बेटावरचं बोलणं

२२ एप्रिल, सोमवार

परत तोच घोळ! सेफिना ‘गावा’त म्हणाली, "चीज रोल भाजतेय, कोणी येतंय का?" — आणि ‘राना’त तेच वाक्य तीनदा उमटलं. रानातली मंडळी लगेच सुरू. "तीनदा बोलावतेय म्हणजे भरपूर केलेले दिसतायत!" तिकडे इन्व्हरकार्गिलमध्ये सेफिनाला हसू आवरेना. डगल मात्र ड्यूनेडिनहून माझ्यावर तडकला. "आंटी, मी सांगेपर्यंत कशालाही हात लावू नका म्हटलं होतं ना?" तू सांगेपर्यंत माझे केस पांढरे होतील रे बाबा. झालेच आहेत म्हणा.

माझ्या रेवीच्या कॉम्प्युटरवरच्या खेळात तीन जगं — गाव, रान आणि बेट. तिन्ही वेगवेगळ्या यंत्रांवर, त्यामुळे एकातलं बोलणं दुसऱ्यात जात नाही. रेवीचा जुना हट्ट होता — "आई, सगळ्यांना मिळून एकच कट्टा पाहिजे. माणूस कुठल्याही जगात असू दे, गप्पा एका जागी." त्याचं ते राहून गेलं. आता मी करतेय, सेफिना आणि डगल या त्याच्या दोस्तांना हाताशी घेऊन. मी! जिला माउस धरायला शिकवताना पोरगा कपाळावर हात मारून घ्यायचा.

११ मेला त्याचा दगड — माणूस जाऊन वर्ष झालं की त्याच्या नावाच्या दगडावरचं कापड काढतात, तो विधी. त्याआधी कट्टा सुरू व्हायलाच हवा. होबार्ट, सुवा, कुठकुठली त्याची दोस्तमंडळी — ब्लफला कोण कसं येणार? दगडावरचं कापड निघेल तेव्हा निदान एकत्र बोलता तरी येईल त्यांना.

क्लेम दगडाला येत नाही म्हणतोय. सख्खा बाप! का येणार नाही म्हणून विचारलं की उठतो आणि शेडमध्ये जाऊन बसतो.

२३ एप्रिल

सापडलं! डगलनेच रानाची नोंद तीन वेळा केली होती. मी त्याला काही बोलले नाही.

बोलले. थोडंसं.

२५ एप्रिल, गुरुवार

सैनिकांच्या स्मृतिदिनाला स्मारकापाशी आमचं सगळं ब्लफ जमलं होतं. क्लेम नव्हता. त्याची मोठी बहीण हूइया मला चहाच्या टेबलापाशी गाठून म्हणाली, "माझा भाऊ येतोय ना दगडाला?"

म्हटलं, बघू.

"बघू नाही. बाप उभा नसेल तर मी कापड काढू देणार नाही. तसंच झाकून ठेवू पोराला. त्याला आणायचं काम तुझं."

हूइया बोलली म्हणजे बोलली. तिच्यापुढे पाद्रीसुद्धा आवाज खाली करतो. पण झाकलेला दगड! रोज त्या वाटेने शाळेत जाते मी. रोज ते कापड फडफडताना बघायचं का?

घरी येऊन क्लेमला सगळं सांगितलं. ऐकून तो हाताला लोकरीचं तेल चोळत बसला. सगळ्या हिवाळ्यात त्याचे तळवे फुटतात, दोरांनी आणि खाऱ्या पाण्याने. आता वर्ष झालं समुद्रावर गेला नाही, तरी फुटतातच.

२६ एप्रिल

गाव आणि रान जोडलं गेलं! पहिलं वाक्य सेफिनाचं — "ऐकू येतंय का?" आणि रानातून एका दमात सगळे — "नाही!" हसून हसून पुरेवाट झाली माझी. रेवी असता तर खुर्चीवर उभा राहून नाचला असता.

डगलने एक पिवळी ओळ घातलीय. एखाद्या जगाच्या जोडणीत काही बदललं, की त्या जगात पुढे जो कोणी जाईल त्याच्या पडद्यावर ती उमटते. बदल कोणी केला, आणि तुमचं बोलणं आता कोणाला ऐकू जाईल. सेफिना कावलीय, "अर्धा पडदा खाते मेली!" डगल हटायला तयार नाही. "आपलं बोलणं कोण ऐकतंय हे माणसाला कळायला नको?" कळायला हवंच. पण पिवळीच कशाला?

२८ एप्रिल, रविवार

आज बेट जोडलं.

बेट रेवीचं स्वतःचं. एकट्याने बांधलेलं. धक्का, शिंपले फोडायची शेड, आमचं घर, त्याचं लाल छप्पर. गेल्या मेपासून ते मी सगळ्यांना बंद केलंय. मीसुद्धा आत गेलेली नाही. ते छप्पर मला बघवणार नाही.

डगल म्हणाला, "तिथे कोणी नसतं, तर जोडायचं कशाला?" काय सांगणार त्याला? तिथे माणसांचे आवाज जावेत, एवढंच. बेटाने नुसतं ऐकावं. बोलायला तिथे आहे कोण!

दोन खटके असतात. एकाने कट्ट्यावरचं बोलणं बेटावर येतं, दुसऱ्याने बेटावरचं कट्ट्यावर जातं. एक चालू केला, एक बंद. बाहेरूनच केलं, आत पाऊल टाकलं नाही. मग ओट्याशी उभी राहून रडले. क्लेम शेडमध्ये होता, त्यामुळे मोठ्याने रडता आलं.

३० एप्रिल, मंगळवार



शाळेच्या वाचनालयात पुस्तकं लावत होते. दुपार व्हायची होती. सेफिनाचा फोन. "आंटी, तू बसलेली आहेस का? आधी बस."

बसले.

"कट्ट्यावर रेवी बोलला."

मी म्हटलं, काहीतरीच काय बरळतेस! तिने पडद्याचा फोटो पाठवला. त्याचं नाव. हिरवं, म्हणजे आत्ता आत असल्यासारखं. पुढे —

‘वारा नैऋत्येचा. एकही बोट बाहेर पडली नाही.’

एवढंच. आणि नाव विझलं.

घरी येऊन जोडणी तपासली. खटके मी उलटे टाकलेत! कट्ट्यावरचं बेटाला ऐकू जातच नाहीये. बेटावरचं कट्ट्यावर येतंय. आंधळी झाले होते का मी? बरं, माझी चूक कळली. पण उलटे टाकले तरी बोललं कोण?

खिडकीतून बघितलं. वारा नैऋत्येचाच होता. सगळ्या बोटी धक्क्याला.

१ मे

तो सापडला नाही. मी हे कधी लिहिलेलं नाही, आज लिहिते. बापाच्या बोटीवरून पाण्यात गेला आणि सापडला नाही. क्लेमने धक्क्यावर उतरून सांगितलं, "दोर तुटला." त्यानंतर आजपर्यंत त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. हूइयाने समुद्र बंद करवला होता — राहुई. कोणी जाळं टाकायचं नाही, शिंपला उचलायचा नाही. सगळ्या बोटी पाळत होत्या. मग राहुई उठली, बोटी गेल्या, शिंपले आले. रेवी नाही.

ज्या आईच्या हातात काहीच आलं नाही, तिने काय करावं? आज मी स्ट्युअर्ट बेटाचा नकाशा पसरून बसले. दक्षिणेकडे शिकाऱ्यांच्या झोपड्या आहेत. डोक्याला मार लागून नाव विसरलेली माणसं असतात. असतात ना! खायला पक्षी मिळतो, पाणी मिळतं...

आणि कॉम्प्युटर कुठून मिळतो गं, नोएलीन?

घडी घालून ठेवून दिला. जेवण झाल्यावर पुन्हा काढला.

२ मे, गुरुवार

‘वारा पडला. बोटी गेल्या. शिंपले यंदा बारीक.’

त्याचंच नाव. या वेळी मी स्वतः पाहिलं. वाचनालयात, फोनवर.  मी लिहिलं — "रेवी?" उत्तर नाही. येणार कसं? खटके उलटे, माझं त्याला ऐकूच जात नाही. सुलटे करायला गेले आणि बोटच उठेना. काही हलवलं आणि ते गेलं तर?

डगल म्हणतो, "कोणीतरी त्याचं खातं पळवलंय. आंटी, पासवर्ड बदलतो मी."

"हात लावून तर बघ! ड्यूनेडिनला येऊन मुस्काट फोडीन."

तो मग हळूच म्हणाला, "मलाही क्षणभर तोच वाटला. म्हणून तर भीती वाटतेय."

३ मे, शुक्रवार

बोलणं कुठून येतं ते यंत्रात बघता येतं. पहिल्या दिवशीच बघू शकले असते. बघायचं नव्हतं मला.

आज बघितलं. आमच्याच घरातून येतंय.

डोकं दुखतंय सांगून शाळेतून निघाले. रेवीच्या खोलीचं दार मी बंद ठेवते तसंच बंद होतं. शेडमध्ये रेडिओ चालू. दाराच्या मुठीला हात लावला, आणि खरं सांगते, मला वाटलं तो आत असणार. भिजलेला असेल, म्हणून टॉवेल घेतला हातात. काय हा वेडेपणा! पण घेतला.

खोली रिकामी. कॉम्प्युटर गरम. पंखा घुंई करतोय. बोटांनी कळा चाचपल्या तर चिकट. वास घेतला. लोकरीचं तेल. टेबलावर कपाचे गोल डाग, एकावर एक, एका आठवड्यात पडणारे नव्हेत ते.

रेवी नाही. क्लेम. माझ्या पाठीमागे रोज येऊन बसतोय, पोराच्या नावाने आत जातोय. कळ दाबली की आतच जातं, पासवर्डही लागत नाही.

पलंगावर बसले, टॉवेल मांडीवर. चार दिवस जिवंत होता माझा पोरगा. आज दुसऱ्यांदा गेला.

जेवताना विचारलं, "काय केलंस दिवसभर?"

"काही नाही. वारा होता."

४ मे, शनिवार

सेफिना आणि डगलला सांगून टाकलं — बाप आहे तो. सेफिना फोनवर हमसाहमशी रडली. तिच्या लोकांत कोणी वारलं की घर आठवडाभर माणसांनी भरलेलं असतं, बोलून बोलून दुःखाचा चोथा करतात. "आमच्यात कोणी असं एकटं बोलत नाही गं आंटी. बंद कर ते. बोलू दे बिचाऱ्याला पोराशी. सगळ्या जगाने कशाला ऐकायचं?"

बरोबर बोलली. बंद करायला बसले.

आणि राग आला मला. वर्षभर माझ्याशी वाऱ्याबद्दलसुद्धा धड बोलला नाही हा माणूस! एकाच पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपतो. आणि तिथे जाऊन पोराला सांगतो, शिंपले बारीक आहेत. मला सांग ना! मी काय भिंत आहे?

बंद नाही केलं. बदललं. बेटाचं बोलणं आता कट्ट्यावर जात नाही, फक्त माझ्याकडे येतं.

हे चोरून ऐकणं झालं. कळतं मला. कोणी माझं असं ऐकलं असतं तर डोळे काढले असते त्याचे. पण तो दगडाला का येत नाही ते मला कळायलाच हवं. मला सांगणार नसेल तर पोराला सांगेल.

५ मे

काही नाही.

६ मे

काही नाही. दोनदा हिरवा झाला, दोनदा विझला. एक शब्द नाही. जेवताना माझ्याकडे बघत होता. म्हटलं, काय? म्हणाला, मीठ दे.

७ मे, मंगळवार

लिहून काढते. नाहीतर डोक्यात फुटेल.

शाळेत होते. समोर मुलांची रांग, पुस्तकं परत करायला. फोन थरथरला. एका बोटाने टाइप करतो तो, एकेका ओळीला युग लागतं. मी शिक्के मारत होते आणि ओळी येत होत्या.

‘रेवी. दोर तुटला नव्हता.’

‘मी सोडला.’

‘तू धरून होतास. वर बघत होतास. मी ओढत होतो. बोट कलली, माझे पाय सरकले. वाटलं आता मीही जाणार.’

‘हात उघडले.’

 एक मुलगी म्हणाली, "मिस, तुम्ही शिक्का टेबलावर मारताय."

‘आपोआप उघडले नाहीत. मी उघडले.’

‘तुझ्या आईला सांगितलं तुटला म्हणून. दगडासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू?’

८ मे

स्वयंपाक केला नाही. बोलले नाही. तो दारात उभा राहिला, मी पाठ फिरवली. बॅग भरून रिव्हर्टनला बहिणीकडे आले. तो अडवायला आला नाही. कशी जातेस, कधी येशील, काही नाही. शेडच्या दारात हात लोंबकळत सोडून उभा होता. त्या हातांकडे मला बघवेना. उघडले म्हणे. उघडले!

९ मे, गुरुवार

बहिणीला वाटतंय साधं भांडण आहे. मटण भरलेली पाई गरम करून दिली, म्हणाली, "खा आधी. नवरे कुठे जात नाहीत."

मी असते तर नसता सोडला. दोन्ही खांदे निखळले असते तरी नसता सोडला! आईने नसता सोडला.

असं एका बाईने लिहावं, जिला त्या बोटीवर पाय ठेवल्याठेवल्या ओकारी येते. मला काय ठाऊक? पाय सरकतात तेव्हा कसं वाटतं, मला काय ठाऊक?

पण तुटला म्हणाला. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला. मी त्याचेच तळवे हातात घेऊन पुसले होते त्या दिवशी. सोलून निघाले होते. मी म्हटलं होतं, तू केलंस तेवढं कोणी केलं नसतं. आणि त्याने म्हणू दिलं मला!

हूइयाचा फोन. "येतोय ना तो?"

"तो येणार असेल तर मी येणार नाही."

ती बोलायची थांबली. हूइया! मग म्हणाली, "अगं, काय झालं?" मी फोन ठेवला.

१० मे, शुक्रवार

उद्या दगड. सेफिना पातेलंभर शेवया करून आणणार आहे. होबार्टवाले, सुवावाले कट्ट्यावर जमतायत, कोण काय बोलणार ते ठरवतायत. मघाशी डगलने विचारलं, "आंटी, बेट उद्यासाठी कट्ट्याला जोडून ठेवू?"

म्हटलं, नको. तोडून टाक. कायमचं. मला ते नाव पुन्हा हिरवं झालेलं बघायचं नाही. तो माणूस माझ्या पोराचं नाव पांघरून फिरतोय तिथे, आता पुरे.

"तोडता मला येत नाही. बेटाची मालकीण तुम्ही. आत जाऊन उभं राहावं लागतं, मगच तुटतं." हा त्याचाच नियम. मेला नियमांचा राजा.

ठीक आहे. जाते. बहिणीचा कॉम्प्युटर आहे. लाल छप्पर तर लाल छप्पर. चहा पिऊन बसते.

११ मे, शनिवार, सकाळ

काल आत गेले. धक्क्यावर उभी राहिले. रेवीने दोर गुंडाळून ठेवलेत तिथे, क्लेम गुंडाळतो तसेच.

पडद्यावर बेटावरचं सगळं बोलणं होतं. सर्वात वर एक पिवळी ओळ — ‘नोएलीनने हे बेट कट्ट्याला जोडलं. इथलं बोलणं आता सगळ्यांना ऐकू जाईल.’ तिच्या वर कोरं. महिनोन्‌महिने येऊन बसत होता, पण कोणी ऐकत नव्हतं तोवर एक शब्द बोललेला नाही. तिच्या खाली वारा, बोटी, शिंपले.

मग दुसरी पिवळी ओळ. ‘नोएलीनने बदल केला. इथलं बोलणं आता फक्त नोएलीनला ऐकू जाईल.’

आणि लगेच तिच्या खाली — दोर तुटला नव्हता.

त्याने वाचली होती. सोमवारी दोनदा येऊन नुसती ती ओळ बघून गेला, आणि मग बोलला. मी चोरून ऐकलं नाही. तो मलाच सांगत होता.

माफ केलेलं नाही मी. बेट तोडलेलंही नाही. आत्ता हूइयाला फोन करून सांगितलं — दोघं येतोय. आता ब्लफला जाते आणि त्याला कोट घालायला सांगते.